नसरीन मोहमदी यांची शीर्षकहीन रेखाचित्रे

नसरीन मोहमदी (1937–1990) या भारतीय चित्रकर्तीने ग्रॅफाइट पेन्सिल आणि शाई वापरून कागदावर काढलेली अमूर्त चित्रे. बहुतेकांवर शीर्षक नाही, तारीखही नाही. त्यामुळे त्यांचा काळ प्रामुख्याने शैलीवरूनच ठरवावा लागतो.

कराचीत जन्मलेल्या नसरीन यांचे कलाशिक्षण लंडनच्या सेंट मार्टिन्स स्कूल ऑफ आर्टमध्ये (1954–57) आणि पुढे पॅरिसमध्ये झाले. मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा सहवास लाभला. 1972 पासून त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवत होत्या. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख या चित्रकारांमुळे बडोदे तेव्हा माणसांच्या, गोष्टी सांगणाऱ्या चित्रांसाठी ओळखले जात होते. त्याच गावात राहून नसरीन यांनी चित्रातून माणूस, वस्तू, रंग सगळे वगळले. हा निग्रह असाधारण होता.

साठच्या दशकातील त्यांच्या कामात झाडाझुडपांच्या आकारांची चाहूल लागते. सत्तरच्या दशकात आडव्या-उभ्या रेषांची जाळी आली, ऐंशीच्या दशकात तिरप्या रेषा, कोन आणि वर्तुळखंड. ड्रॉइंग बोर्डावर, आरेखनाची उपकरणे घेऊन त्या काम करीत. तरी ही चित्रे यंत्रवत वाटत नाहीत, कारण खरी करामत रेषांमधल्या अंतरात आहे. समांतर रेषा एका बाजूला दाट होत जातात, दुसरीकडे विरळ. शाईच्या ठाम काळ्या रेषेलगत ग्रॅफाइटची राखी रेषा येते आणि सपाट कागदाला खोली येते. काही ठिकाणी रेषा मध्येच तुटते, पण नजर तिला पुढे नेत राहते. पाहणाऱ्याला असे सहभागी करून घेणे हेच या चित्रांचे मोठे बळ.

आयुष्याच्या उत्तरार्धात मज्जासंस्थेच्या आजाराने त्यांच्या हालचालींवरचा ताबा सुटू लागला होता. या काळातल्या रेषांत मात्र थरथर दिसत नाही. रायगड जिल्ह्यातील किहीम येथे त्यांचे निधन झाले.

त्या छायाचित्रेही काढत, पण ती हयातीत प्रदर्शित झाली नाहीत. रेखाचित्रांनाही व्यापक कीर्ती उशिरा लाभली: 2007 मध्ये जर्मनीतील कासेलचे डॉक्युमेंटा 12 हे कलाप्रदर्शन, 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या कलासंग्रहालयाचे उद्घाटनपर प्रदर्शन. छापील प्रतीत ग्रॅफाइटच्या फिक्या रेषा बहुधा हरवतात. ही चित्रे मूळ कागदावरच पाहावीत.