गप्प साक्षीदार: रत्नाकर मतकरी यांच्या लेखनातील एक धागा

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या लेखनाचा विचार आपण बहुधा कप्पे पाडूनच केला आहे. गूढकथाकार, बालनाट्यकार, व्यावसायिक नाटककार आणि 'लोककथा ७८'चा लेखक असे चार मतकरी समीक्षेला परिचित आहेत. दूरचित्रवाणीसाठी लिहिणारे मतकरी मात्र तिने फारसे विचारात घेतलेले नाहीत. या विभागणीमुळे त्यांच्या लेखनातील एक सलग नैतिक प्रश्न नजरेआड झाला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. तो प्रश्न असा की, अपराध घडताना पाहून जो गप्प राहतो, त्याचा त्या अपराधात वाटा किती?

'आरण्यक' (१९७४) या नाटकात युद्ध संपलेले आहे. वनात आलेल्या वृद्धांसमोर करण्यासारखे काही उरलेले नाही. उरले आहे ते केवळ आपण काय होऊ दिले याचे भान. येथे धृतराष्ट्राचे अंधत्व शारीरिक राहत नाही. पुत्रमोहाने स्वीकारलेले न पाहणे, असा त्याला अर्थ येतो. 'लोककथा ७८'मध्ये (१९७८) हाच प्रश्न जातिव्यवस्थेच्या संदर्भात येतो. दलितांवरील अत्याचाराचे हे नाटक बंदिस्त दिवाणखान्याची चौकट टाकून लोकनाट्याच्या मोकळ्या रीतीने प्रेक्षकांना सामोरे जाते. त्यामुळे प्रेक्षकाला निव्वळ बघ्याची भूमिका घेता येत नाही. पुढे स्वतःच्याच कथेवरून मतकरींनी दिग्दर्शित केलेल्या 'इन्व्हेस्टमेंट' या चित्रपटात सुखवस्तू आईबाप आपल्या मुलाच्या हातून घडलेला खून दडपतात. त्याला ६०व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की 'आरण्यक'मधील पुत्रमोह येथे महानगरी सदनिकेत येऊन पोहोचला आहे.

या प्रवासात माध्यमाचे स्थान दुय्यम नाही. मतकरींच्या लेखनाचा आरंभच प्रसारमाध्यमातून झाला. १९५५ साली 'वेडी माणसं' ही त्यांची एकांकिका आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून प्रसारित झाली, तेव्हा त्यांनी विशीही गाठलेली नव्हती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि नाट्य घराघरांत शिरले. रंगमंदिरातला प्रेक्षक घर सोडून येतो व समूहाचा भाग होतो. कथा-कादंबरीचा वाचक एकटा असतो. दूरचित्रवाणीचा प्रेक्षक मात्र कुटुंबासह आपल्याच घरात बसलेला असतो. ज्या मध्यमवर्गीय घराच्या मौनाविषयी मतकरी लिहितात, त्याच घरात त्यांची मालिका पाहिली जाते. 'गहिरे पाणी'तील भय परिचित घरगुती वातावरणातून उगवते. त्याचा परिणाम या अवस्थेशी निगडित आहे.

अर्थात माध्यमांतरात काही हरवतेही. गूढकथेतील संदिग्धता वाचकाच्या कल्पनेवर विसंबते. कॅमेऱ्याला काहीतरी दाखवावेच लागते, आणि ठरावीक वेळेत भाग संपवण्याच्या बंधनामुळे उलगड्याकडे ओढ वाढते. तरीही ही हानी मान्य करणे म्हणजे दूरचित्रवाणीलेखन निकृष्ट मानणे नव्हे. संहितेचे कोणते अंग कोणत्या माध्यमात प्रबळ होते, हे तपासण्याची ती संधी आहे.

विदर्भातून पाहताना या मुद्द्याला वेगळे वजन येते. मुंबईतील प्रायोगिक नाटके बुटीबोरीसारख्या नागपूरनजीकच्या औद्योगिक गावापर्यंत क्वचितच पोहोचतात. पडदा मात्र पोहोचतो. येथील अनेकांना मतकरी प्रथम भेटले ते पुस्तकातून किंवा पडद्यावरून. छापील नाटक ग्रंथालयात टिकते आणि अभ्यासक्रमात येते. प्रसारित संहिता जपली गेली नाही, तर ती प्रेक्षकांच्या आठवणीपुरतीच उरते. तेव्हा १९७२ नंतरच्या मराठी नाट्यवाङ्मयाचा इतिहास लिहिताना या संहिता मिळवणे, त्यांची नोंद करणे आणि त्या मूळ कथा-नाटकांशेजारी ठेवून वाचणे हे विद्यापीठीय संशोधनाचे काम मानावे लागेल. अन्यथा नाटककाराचा सर्वांत मोठा प्रेक्षकवर्गच त्या इतिहासातून वगळला जाईल.