खानदेशातील लोकप्रयोग (दारिद्र्यनिवारण)

खानदेशातील लोकप्रयोग : पाणी, जमीन, मजुरी आणि जंगल यांवर गरिबांनी स्वतःचा हक्क व स्वतःची शिस्त उभी करून दारिद्र्य हटवण्याचे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील प्रयत्न. त्यांतले काही शेकडो वर्षे जुने आहेत, काही गेल्या पन्नास वर्षांतले. सरकारी अनुदान वा देणगी यांपैकी काहीही त्यांचा प्रारंभबिंदू नव्हता. वाटप कोणी करायचे आणि राखण कोणी करायची, हे गावाने आधी ठरवले आणि मदत आलीच तर ती नंतर आली. प्रस्तुत नोंदीत धुळे जिल्ह्यातील बारीपाडा या गावाचा विचार विस्ताराने केला आहे.

फड बागायत : पांझरा आणि लगतच्या नाशिक जिल्ह्यातील मोसम, आरम या नद्यांच्या खोऱ्यांत किमान तीनशे वर्षे चालत आलेली सामाईक सिंचनपद्धती. नदीवर दगडी बंधारा घालून पाट काढायचा आणि पाटाखालच्या शेतीचे, म्हणजे थळाचे, मोठे भाग पाडायचे. या भागांना फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असते आणि या पद्धतीचे मर्म त्यातच आहे. पाणी कमी पडले की त्या वर्षी कमी फड भिजतात, पण भिजलेल्या प्रत्येक फडात लहान शेतकऱ्याचाही तुकडा असतोच. त्यामुळे पाटाच्या तोंडाशी बसलेल्याने हिरवे व्हावे आणि शेपटाकडच्याने करपावे, असा प्रकार होत नाही. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, पिकाची राखण जागल्याची. दोघांचा मोबदला थळातले शेतकरी देतात आणि पाटातला गाळ सगळे मिळून काढतात. मात्र या न्यायात जमीन असणाराच मोजला जातो. भूमिहीनाला फडात वाटा नाही, ही या सुंदर व्यवस्थेची मोठी उणीव होय.

श्रमिक संघटना : भूमिहीनांचा हा प्रश्न जिथे बोचरा होता, त्या शहादा-तळोदा भागात 1970 च्या दशकाच्या आरंभी भिल्ल शेतमजुरांची चळवळ उभी राहिली. हा भाग त्या वेळी धुळे जिल्ह्यात होता (नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी वेगळा झाला). अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याने तिचा पाया घातला. 30 जानेवारी 1972 रोजी शहाद्याला भूमुक्ती परिषद भरली आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. कर्जापायी वा फसवणुकीने गेलेल्या जमिनी परत मिळवणे आणि सालदारांना, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांना, ठरलेली मजुरी व सुट्टी मिळवून देणे, ही तिची मुख्य कामे होती. याच चळवळीतल्या बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. घरात येणारी मजुरी गुत्त्यावर संपते आणि वर मारहाण होते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. भिली भाषेतील कवी वाहरू सोनवणे याच संघटनेतून पुढे आले. अंबरसिंग 1974 मध्ये वारले. चळवळ पुढे चालली, पण त्यांच्याइतका आपल्या माणसांतला आवाज तिला पुन्हा सहज मिळाला नाही.

1972 च्या दुष्काळातील कामांतून पुढे आलेली रोजगार हमी योजना या मजुरांना उपयोगी पडली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या या कल्पनेचा महाराष्ट्राने 1977 मध्ये कायदा केला. केंद्राचा रोजगार हमी कायदा 2005 मध्ये आला, त्याचा पूर्वज हाच. दुसरीकडे काम मिळण्याची खात्री असली की सालदाराला मालकापुढे नाही म्हणता येते. म्हणून योजनेचे मोल केवळ रोजंदारीत मोजू नये.

बारीपाडा : साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेजवळचा कोकणा आदिवासींचा लहानसा पाडा. 1990 च्या सुमारास आजूबाजूचे डोंगर उघडे पडले होते. उन्हाळ्यात पाणी नसे आणि माणसे कामासाठी परमुलखात जात. गावातले शिकलेले तरुण चैत्राम पवार यांनी नोकरीची वाट न धरता गावातच राहायचे ठरवले. वनवासी कल्याण आश्रमाचे डॉ. आनंद फाटक यांची त्यांना साथ मिळाली.

पहिले पाऊल जंगलाच्या राखणीचे होते आणि तेच सर्वांत अवघड होते, कारण चूल त्याच लाकडावर पेटत असे. गावाने बैठकीत नियम केले. जंगलात बैलगाडी न्यायची नाही. झाड तोडणाऱ्याला दंड, आणि तोडणाऱ्याची खबर देणाऱ्याला बक्षीस. बैलगाडीची बंदी वरवर किरकोळ वाटते, पण डोक्यावरची मोळी घरच्या चुलीपुरती असते आणि गाडी भरली की लाकूड विकायला जाते. हा फरक वनखात्याच्या नियमावलीपेक्षा गावाला अधिक कळला होता. त्याच्या जोडीला सलग चर, दगडी बांध, वनतळी अशी कामे श्रमदानाने झाली. दारूबंदी झाली. मुले शाळेत पाठवण्याचीही शिस्त गावाने लावून घेतली.

जंगल वाढले तशा विहिरी टिकू लागल्या. ज्या गावाला पाण्यासाठी भटकावे लागे, त्याच्याकडून शेजारचे पाडे पाणी नेऊ लागले. भात लागवडीची चारसूत्री पद्धत आली, इंद्रायणीसारखा सुवासिक तांदूळ पिकू लागला, कांदा व भाजीपाला बाजारात जाऊ लागला आणि बाहेरगावी मजुरीला जाणे जवळजवळ थांबले. गावाने राखलेले जंगल सुमारे 400 हेक्टर आहे. वनहक्क कायद्याखाली (2006) त्यावर सामूहिक हक्कही मिळाला. इथे क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे : राखण आधी, कागद नंतर.

वनभाजी स्पर्धा : बारीपाड्याचा सर्वांत कल्पक उपक्रम. जंगलातल्या रानभाज्या शिजवून मांडायच्या, त्यांचे नाव, कोणता भाग खायचा, कधी मिळते, काय गुण आहे हे सांगायचे आणि परीक्षकांनी गुण द्यायचे. 2004 पासून चाललेल्या या स्पर्धेत आसपासच्या पाड्यांतल्या बायका उतरतात आणि शंभराहून अधिक प्रकारच्या भाज्या मांडल्या गेल्या आहेत. रानातला पाला खाणे ही गरिबीची खूण मानून लाजणाऱ्या पिढीसमोर तेच ज्ञान बक्षिसाला पात्र ठरले. ज्या म्हातारीला बैठकीत कोणी विचारत नसे, तिला शहरातले अभ्यासक वहीपेन्सिल घेऊन विचारू लागले. सक्षमीकरण या जड शब्दाचा अर्थ इतक्या सोप्या रीतीने क्वचितच दिसतो. बारीपाड्यातील या सगळ्या कामासाठी भारत सरकारने 2025 मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री दिली.

मर्यादा : बारीपाड्याचा नमुना उचलून कुठेही लावता येत नाही. तिथे गाव लहान, समाज एक आणि जंगल शिवेला लागून. जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यात वाघूर नदीकाठी असलेल्या पहूरसारख्या बाजाराच्या गावी चित्र वेगळे आहे. काळ्या जमिनीचा, कपाशीचा हा पट्टा. अनेक जातींची वस्ती आणि राखायला सामाईक डोंगर नाही. निंदणी आणि वेचणीवर जगणाऱ्या बायकांसाठी बचत गट हाच मुख्य आधार राहिला. महिला आर्थिक विकास महामंडळ (1975), नाबार्डची गट-बँक जोडणी (1992) आणि पुढे राज्याचे ‘उमेद’ अभियान यांनी तो पसरवला. गटामुळे आजारपणात वा लग्नकार्यात सावकाराचे दार टळते, बँकेत स्वतःच्या नावाने सही करता येते, आणि ही मिळकत लहान नाही. पण गट मजुरीचा दर ठरवत नाही, जमीनही देत नाही. कपाशीची वेचणी या पट्ट्यात आजही किलोच्या हिशेबाने होते आणि त्या किलोचा भाव वेचणारी ठरवत नाही.