महाबळेश्वरची हिवाळी सहल : आधी नियोजन, मग प्रवास

थंडीची चाहूल लागताच मुंबई-पुण्याच्या पर्यटकांना महाबळेश्वरचे वेध लागतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवरील हे ठिकाण पुण्याहून साधारण १२०, तर मुंबईहून सुमारे २६० किलोमीटरवर आहे. मात्र ऐन हंगामात पूर्वतयारीविना घाट चढणाऱ्यांच्या वाट्याला वाहनांच्या रांगा आणि खोल्यांची शोधाशोधच येते.

कधी जावे?
नाताळ ते नववर्ष हा सर्वाधिक गर्दीचा काळ. या दिवसांत जायचे असल्यास निवासाचे आरक्षण बरेच आधी करावे. शक्य असल्यास जानेवारीतील आठवड्याचे मधले दिवस निवडावेत. गर्दी कमी आणि दरही तुलनेने आटोक्यात असतात. कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या परिसरात पहाटे दवबिंदू गोठलेले दिसतात. लिंगमळा धबधब्याचे पाणी मात्र हिवाळ्यात ओसरत जाते, हे लक्षात ठेवावे.

कसे जावे?
पुणे-सातारा महामार्गावरील सुरूर फाट्यावरून वाई, पसरणी घाट आणि पाचगणीमार्गे जाणे सोयीचे. कोकणातून येणाऱ्यांसाठी पोलादपूरहून आंबेनळी घाट आहे. २८ जुलै २०१८ रोजी याच घाटात सहलीची बस दरीत कोसळून ३० जणांचा मृत्यू झाला होता. दोन्ही घाट वळणांचे आहेत. धुके आणि अंधार लक्षात घेता दिवसाउजेडी मुक्कामी पोहोचावे. एसटीची सेवाही उपलब्ध आहे.

काय पाहावे?
पहिला दिवस क्षेत्र महाबळेश्वर आणि आर्थर सीटसाठी ठेवावा. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या नद्यांचा उगम मानला जातो. सूर्योदयासाठी विल्सन पॉइंट, तर सूर्यास्तासाठी बॉम्बे पॉइंट गाठावा. दुसऱ्या दिवशी प्रतापगड करावा. १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज व अफझलखान यांची भेट या गडाच्या पायथ्याशी झाली. गडावर पायऱ्या चढाव्या लागत असल्याने ज्येष्ठांनी सकाळची वेळ निवडावी. परतीच्या वाटेवर पाचगणीचे टेबललँड आणि २०१७ मध्ये 'पुस्तकांचे गाव' म्हणून नावारूपास आलेले भिलार पाहता येईल.

स्ट्रॉबेरीचा हंगाम
हिवाळा हा स्ट्रॉबेरीचा बहर. येथील स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे फळ नाजूक असल्याने परतीच्या दिवशीच खरेदी करावे आणि घरी पोहोचताच फ्रिजमध्ये ठेवावे.

हे विसरू नका
स्वेटर, कानटोपी, चढणीला योग्य बूट आणि नेहमीची औषधे सोबत घ्यावीत. टॅक्सी व घोडेस्वारीचे दर आधीच ठरवून घ्यावेत. कड्यांवरील कठडे ओलांडून छायाचित्रे काढण्याचा मोह टाळावा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. त्यामुळे प्लॅस्टिकचा कचरा जंगलात न टाकता सोबत परत आणणे, हे प्रत्येक पर्यटकाचे कर्तव्य ठरते.