एक शेगडी, एक कढई आणि ८८ रुपये : खोलीवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कमी पिष्टमय जेवण

स्पर्धा परीक्षेसाठी शहरात आलेल्या आपल्या मुलामुलींचे रोजचे खाणे काय असते? सकाळी पोहे किंवा वडापाव, दुपारी भात आणि पातळ वरण, रात्री मॅगी. पोट भरते, पण ताटात जवळपास सगळा पिष्टमय पदार्थच असतो. त्यानंतर येणारी सुस्ती आणि दोन तासांत पुन्हा लागणारी भूक अनेकांना माहीत आहे.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा भोजन भत्ता वर्षाला ३२,००० रुपये आहे. म्हणजे दिवसाला सुमारे ८८ रुपये. एवढ्यात आणि एका शेगडीवर नीट जेवता येते का? आमच्या मते येते.

काय कमी, काय जास्त

एका मध्यम चपातीत साधारण २० ग्रॅम आणि वाटीभर भातात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात. ज्वारीची भाकरीही पिष्टमयच आहे, फक्त तिच्यात भातापेक्षा तंतू जास्त असतात. साबुदाणा तर जवळपास निव्वळ पिष्ट. हे सारे बंद करायचे नाही. चार चपात्यांच्या दोन करा, भात एकाच वेळी घ्या आणि रिकाम्या जागी प्रथिने व भाजी वाढवा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलो वजनाला सुमारे ४६ ग्रॅम. ती अशी मिळतात :

- सोया वड्या (कोरड्या) ५० ग्रॅम : सुमारे २६ ग्रॅम
- अंडी २ : सुमारे १२ ग्रॅम
- शेंगदाणे ३० ग्रॅम : सुमारे ७ ग्रॅम
- दही एक वाटी : सुमारे ५ ग्रॅम

पालेभाजी, दोन चपात्या, तेल-मसाला धरूनही आमच्या हिशेबाने हे दिवसाला ८०-८५ रुपयांत बसते. मूग, मटकी, मसूर यांत प्रथिने असली तरी कर्बोदकेही भरपूर असतात. त्यामुळे ती भातासोबत नको, भाताऐवजी घ्या.

भांडी

इंडक्शन शेगडी असेल तर भांडे घेताना तळाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तरच ते भांडे चालेल. साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. सपाट बुडाची लोखंडी कढई, तिच्यावर बसेल असे झाकण, एक पातेले आणि सुरी एवढे पुरे.

तीन पदार्थ

*सोया खिमा :* वड्या गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून घट्ट पिळा आणि हाताने कुस्करा. तेलावर कांदा-लसूण परतून हळद, मसाला आणि टोमॅटो घाला. मग वड्या घालून झाकण ठेवा आणि आठ-दहा मिनिटे शिजवा.

*पालेभाजीतली अंडी :* मेथी, पालक किंवा तांदुळजा लसूण-मिरचीवर परता. भाजीत खळगे करून दोन अंडी फोडा. मंद आचेवर झाकून पूर्ण घट्ट होऊ द्या.

*सुकट-वांगे :* सुकट कोरडी भाजून गरम पाण्यात धुवा. कांद्यावर वांग्याच्या फोडी शिजवून शेवटी सुकट घाला. सुकट खारट असते, म्हणून मीठ चाखूनच टाका. आपल्या आजी-पणजीच्या चुलीवरचा हा पदार्थ गरिबीची खूण नाही, प्रथिनांनी भरलेले अन्न आहे.

अनेक घरमालक अंडी-सुकट शिजवू देत नाहीत. कुणी काय खावे हे घरमालकाने ठरवणे चूकच आहे. पण खोली टिकवावी लागत असेल, तर सोया वड्या, दाण्याचा कूट घातलेली कोबीची भाजी आणि दही यांवरही प्रथिनांची गरज भागते.

सावधगिरी

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना चपाती-भात एकदम कमी केल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रथिने वाढवणे अपायकारक ठरू शकते. अशांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.

एकत्र खरेदी

भत्त्याचा हप्ता लांबला की पहिली काटकसर जेवणातच होते. म्हणून पैसे हातात असतानाच टिकणारा माल भरून ठेवा. चार-पाच खोल्यांनी मिळून महिन्याच्या सोया वड्या, शेंगदाणे आणि सुकट घाऊक बाजारातून आणल्यास स्वस्त पडते. विहारातील अभ्यासिका आणि युवक मंडळांनी ही खरेदी अंगावर घ्यावी, असे आम्ही सुचवतो. शिकायचे, संघटित व्हायचे तर अंगात ताकद हवी.

जय भीम!