सुईणीचं एरंडेल

दिवस भरूनही कळा येत नसल्या, की सुईण एरंडेल पाजायची, फेऱ्या मारायला लावायची. मी कोड लिहितो, त्यामुळे ‘हे का चालतं?’ हा प्रश्न पडतोच. उत्तर २०१२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून मिळालं: एरंडेलातलं रिसिनोलिक आम्ल आतड्यांसोबत गर्भाशयही आकुंचित करतं.

म्हणजे सुईणीचं निरीक्षण पोकळ नव्हतं; पण तेवढ्यानं बाळं वाचत नव्हती. आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांत गेलं. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर होताना त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचाच. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुणे सेवासदनानं पुढे बायकांना सुईणकामाचं रीतसर शिक्षण दिलं.

एरंडेल आजही किराणा दुकानात मिळतं. जुलाब, उलट्या, अवेळी जोरदार कळा हेही त्याच्यासोबत येतं. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा.