न बोलावता येणारी बाई

माझी भाची लेस्टरला असते. तिच्या पहिल्या बाळंतपणाला मी गेले होते. बाळ बारा दिवसांचं झालं असेल, सकाळी एक बाई आली. बाळाचं वजन केलं, भाचीला दूध नीट येतं का विचारलं, आणि रात्री उगीच रडू येतं का, हेही विचारलं. ती गेल्यावर मी म्हटलं, "हिला कोणी बोलावलं? पैसे किती दिलेस?" भाची हसली. "मावशी, हेल्थ व्हिजिटर आहे ती. तिला बोलवावं लागत नाही. ती येतेच."

ते 'येतेच' काही डोक्यातून जाईना. फोपनारला परतल्यावर हाती लागेल ते वाचत सुटले.

इंग्लंडनं हे सगळं सुबत्ता आल्यावर केलं असेल, असं मला वाटायचं. तसं नाही, बरं का. लढाई संपली तेव्हा शहरं बॉम्बनं पडलेली होती, आणि १९४६ ते १९४८ पावसुद्धा रेशनवर होता. अशा दिवसांत, ५ जुलै १९४८ला, त्यांची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. मोठी रुग्णालयं सरकारकडे गेली. पण सुईण, हेल्थ व्हिजिटर, घरी येणारी नर्स, देवीची लस, रुग्णवाहिका ही घराजवळची कामं १९७४पर्यंत तिथल्या स्थानिक संस्थांकडेच राहिली. बाळंतिणीच्या घरी चूल सांभाळायला मदतनीस बाईसुद्धा त्या देऊ शकत. त्याआधी तिथल्या रुग्णालयात कोणीतरी बसून घरची मिळकत विचारायचं, मग काय द्यायचं ते ठरायचं. ते विचारणं बंद झालं.

अजून एक गोष्ट. १९४६पासून दुसऱ्या मुलापासून पुढच्या प्रत्येक मुलामागं आठवड्याला पाच शिलिंग भत्ता मिळू लागला. सरकारच्या मसुद्यात तो बापाच्या नावानं होता. एलिनॉर रॅथबोन नावाच्या खासदार बाई त्यासाठी पंचवीसेक वर्षं भांडत होत्या. त्यांनी हट्ट धरला की पैसा आईच्याच हातात जावा. तसंच झालं. पहिला हप्ता निघाला तेव्हा मात्र त्या हयात नव्हत्या. घरखर्चाचा हिशेब ज्यांनी ठेवलाय, त्या बायकांना यातलं मर्म सांगायला नको.

आता आपल्याकडचं बघा. त्याच काळात, १९४३ साली, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९४६ला तिचा अहवाल आला. सल्ल्याला इंग्लंडहून डॉ. जॅनेट व्हॉन आल्या होत्या, ज्यांनी लढाईत लंडनमध्ये रक्तपेढ्या उभारल्या. अहवालातले आकडे मी दोनदा वाचले. आपल्याकडे हजारातली १६२ बाळं वर्षाच्या आत जात, तिकडे ५८. बाईचं सरासरी आयुष्य सव्वीस-सत्तावीस वर्षं. दर वर्षी अंदाजे दोन लाख बायका बाळंतपणात जात. साठ हजार माणसांमागं एक शिकलेली सुईण. तिकडे ६१८ माणसांमागं एक.

माझ्या आजीची आठ बाळंतपणं याच घरात झाली. चार मुलं जगली. अंधारी खोली, बाजेखाली निखारे, नाळ कापायला विळा. सुईण मायाळू होती, आजी तिला शेवटपर्यंत लुगडं देत असे. विळा उकळून घ्यावा, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. गावचा कोटवार जन्ममृत्यूची वही ठेवायचा, पण आजीची गेलेली चार तिला फक्त सणांवरून आठवायची, एक पोळ्याचं, एक दिवाळीचं. फोपनारचं नाव काढलं की जाणकार १९६४ला इथं सापडलेल्या बुद्धमूर्तींबद्दल बोलतात. त्या दिल्लीच्या संग्रहालयात नीट ठेवल्यात. चांगलंच आहे ते.

आपल्यात आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दानं सांगितली आहेत. औषधदानाचे दवाखाने मी लहानपणापासून पाहिले, आजही मदत करते. तरी लेस्टरहून आल्यापासून एक खटकतं. दान देणाऱ्याच्या मनात यावं लागतं, आणि घेणाऱ्याला दारापर्यंत चालत यावं लागतं. नवव्या महिन्यातली, शेतावर राबणारी बाई कुठं चालत येणार?

भोर समितीनं चाळीस हजार लोकांमागं एक प्राथमिक केंद्र सुचवलं होतं: दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य नर्स, चार सुइणी, चार शिकवलेल्या दाया. आम्ही तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, राजधानी नागपूर. १९४८ सालीच प्रांतानं जिल्हा कौन्सिलं मोडून तहसीलवार जनपद सभा काढल्या. शाळा, रस्ते, दवाखाने त्यांच्याकडे. कल्पना इंग्लंडसारखीच, काम लोकांच्या जवळ आणायची. तिजोरी मात्र तशी नव्हती. प्राथमिक केंद्रं निघायला लागली ती १९५२नंतर, तीही समितीनं सांगितल्यापेक्षा कमी माणसांत जास्त गावं सांभाळणारी. १९५६ला आम्ही भोपाळकडे गेलो.

आता आमच्या गल्लीतही न बोलावता एक बाई येते. आशा कार्यकर्ती. २००५नंतर आल्या या. दवाखान्यात बाळंत झालेल्या खेड्यातल्या बाईला १४०० रुपये मिळतात, तेही तिच्या स्वतःच्या खात्यात. रॅथबोनबाईंना बरं वाटलं असतं. पण इंग्लंडनं १९३६च्या कायद्यानं सुईणीला पगार लावला होता. आमच्या आशाला अजून कामागणिक मोबदला.

परवा ती माझ्या सुनेकडे आली. पाणी दिलं, म्हटलं बस. म्हणाली, "काकू, अजून पाच घरं आहेत," आणि वजनकाटा उचलून केळीच्या बागेकडच्या वस्तीवर निघाली.