अर्नेस्ट सॅटोचा जपानी विद्याभ्यास

परभाषा शिकणें म्हणजे शब्द व व्याकरण पाठ करणें, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु भाषेच्या ज्ञानानें एखाद्या देशाच्या राज्यव्यवस्थेचें कोडें कसें उलगडतें, ह्याचें उत्तम उदाहरण आम्हांस अर्नेस्ट सॅटो ह्या इंग्रज गृहस्थाच्या चरित्रांत आढळतें.

सन 1858 मध्यें इंग्लंड व जपान यांचा तह झाला, तो डच भाषेच्या आधारानें. इंग्रजाचें बोलणें आधीं डच भाषेंत जाई व तेथून जपानींत उतरे. ही अडचण दूर व्हावी म्हणून इंग्रज सरकारनें जे तरुण विद्यार्थी पाठविले, त्यांत सॅटो होता. चिनी आली म्हणजे जपानी सुलभ होईल, अशा कल्पनेनें त्यास प्रथम पेकिंगला ठेविलें. पण जपानी प्रधानांचा एक खलिता तेथें आला, तेव्हां चिनी शिक्षकांस त्याचा अर्थच लागेना! अखेर 1862 च्या सप्टेंबरांत एकोणीस वर्षांचा सॅटो योकोहामास उतरला. आठवड्याच्या आंतच नामामुगी येथें सात्सुमा संस्थानच्या लोकांनीं रिचर्डसन नांवाच्या इंग्रज व्यापाऱ्यास ठार केलें.

अशा धामधुमींत त्याचा अभ्यास चालला. ब्राउन ह्या अमेरिकन मिशनऱ्यानें त्यास कांहीं धडे दिले. पुढें जपानी पंतोजी ठेवून त्यानें अक्षर गिरविलें व बोलण्याहून निराळी अशी पत्रव्यवहाराची भाषाही हस्तगत केली.

ह्या श्रमांचें फळ 1866 मध्यें दिसून आलें. योकोहामाच्या एका इंग्रजी पत्रांत त्यानें निनांवी लेख लिहिले. ज्याच्याशीं आपण तह केला तो शोगुन जपानचा सार्वभौम नव्हे, तो सरदारांतील अग्रणी मात्र होय, असें त्यांतील प्रतिपादन होतें. आपल्या पंतोजींच्या साहाय्यानें त्यानें त्यांचें जपानी भाषांतर केलें. तें सरदारांच्या हातीं गेलें आणि हेंच इंग्रज वकिलातीचें मत, असें लोक समजूं लागले. 1868 मध्यें सम्राटाची सत्ता पुनः स्थापन झाली. हें सर्व लेखांमुळें घडलें, असें आम्ही म्हणत नाहीं. पण वारा कोणीकडून वाहतो, हें त्या तरुणानें अचूक ओळखलें होतें.

त्याची विद्या व्यापारी साम्राज्याच्या सेवेंत होती, हें विसरतां येत नाहीं. तथापि इशिबाशी मासाकाता यांच्यासह त्यानें 1876 मध्यें प्रसिद्ध केलेला बोलभाषेचा इंग्रजी-जपानी कोश इतरांच्याही उपयोगी पडला. दुभाषाच्या तोंडून ऐकलेला देश आणि स्वतः वाचलेला देश यांत केवढें अंतर असतें, हाच सॅटोच्या विद्याभ्यासाचा बोध होय.